राजदूत परत गेला त्या मार्चमध्ये

माझा नवरा काजू विकत घ्यायला आफ्रिकेत जायचा असं सांगितलं की बाहेरची माणसं हसतात. रत्नागिरीच्या माणसाने काजूसाठी आफ्रिकेत जायचं म्हणजे समुद्राकाठच्या माणसाने मीठ विकत आणण्यासारखं त्यांना वाटतं. पण आपल्याकडची बी कारखान्यांना वर्षभर कुठे पुरते? पाऊस सुरू झाला की इथल्या भट्ट्या पेटतात त्या बहुतेक बाहेरून आलेल्या बीवर. हे ज्या कारखान्यात होते त्या कारखान्याचे शेठ दरवर्षी ह्यांना फेब्रुवारीत तिकडे पाठवायचे. गावोगाव फिरायचं, पोत्यात हात घालून मूठभर बी काढायची, कापून आतला गर बघायचा आणि माल घ्यायचा की नाही ते शेठना कळवायचं, हे त्यांचं काम. मे महिन्यात हे परत यायचे, काळवंडून आणि बारीक होऊन. बोटांना बीच्या चिकाचे डाग असायचे.

तो देश पश्चिम आफ्रिकेतला. त्याला समुद्र नाही. पूर्वी तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. ते जाऊन साठेक वर्षं झाली, तरी कोर्ट-कचेरी, शाळा, दुकानांवरच्या पाट्या सगळं फ्रेंचमध्येच. ह्यांना फ्रेंच येत नव्हतं. आकडे, ‘बी ओली आहे’, ‘जेवण छान झालं’, एवढ्यावर त्यांचं भागायचं. एका बाजाराच्या गावात एक विधवा बाई खाणावळ चालवायची, तिच्या मागच्या खोलीत हे राहायचे. आम्ही घरात तिला ‘तिकडची मावशी’ म्हणायचो. तिचा मुलगा मोटरसायकलवरून लोकांना इकडून तिकडे सोडायचा आणि ह्यांनाही खेड्यांत तोच न्यायचा.

त्या वर्षी हे निघाले तेव्हाच तिथली हवा बरी नव्हती. लष्कराने सत्ता घेतलेली होती. फ्रान्सशी भांडण चाललं होतं. हे म्हणाले, “भांडण त्यांचं नि त्यांच्या जुन्या मालकांचं. आपण काजूवाले.” मलाही ते पटलं.

मार्चमध्ये एका सकाळी सासऱ्यांनी पडवीत बसून पेपर वाचताना मला हाक मारली. मी त्यांना मामंजी म्हणते. ऐंशी ओलांडलेले, पण चष्म्याने बारीक अक्षरं वाचतात.

“हे बघ गो. त्या देशाने फ्रान्सच्या राजदूताला घालवलानी.”

आतल्या पानावरची चार ओळींची बातमी होती. मी वाचली आणि म्हटलं, “मग आपल्याला काय त्याचं? हे थोडेच फ्रेंच आहेत?”

मामंजींनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि हात त्याच्यावर दाबून बसले. मला ठाऊक होतं ते मी बोलले नव्हते. हे ज्या गोदामातून माल बघायचे ते गोदाम एका फ्रेंच कंपनीचं होतं. गळ्यात घालायचं ओळखपत्र त्याच कंपनीचं. परतीचं तिकीट पॅरिसमार्गे.

त्याच दिवशी संध्याकाळी ह्यांचा फोन आला. आवाज दबका होता.

“काही नाही, जरा गडबड आहे. ते विमान रद्द झालंय. शेठ दुसरं काहीतरी बघतील.”

मागून मोठा गलका ऐकू येत होता. पुष्कळ माणसं एका तालात काहीतरी ओरडत होती.

“तो आवाज कसला?”

“मिरवणूक चाललीय.”

“कसली?”

“फ्रेंचांच्या विरुद्ध.” मग थोडं थांबून म्हणाले, “ऐक, पासपोर्ट पोलिसांनी बघायला नेलाय. मोबाइलमध्ये गोदामाचे, रस्त्यांचे फोटो होते ना, त्यावरून विचारत होते, कुणासाठी काढलेस म्हणून. देतील परत. तू कुणाला सांगू नकोस. तिची परीक्षा होऊ दे.”

ती म्हणजे आमची मुलगी. तिची बारावीची परीक्षा चालू होती. मी काही विचारणार तेवढ्यात फोन तुटला. परत लावला तर लागला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की तिथलं इंटरनेट बंद केलंय, आणि हे इंटरनेटवरूनच फोन करायचे.

मी एका औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. भीती वाटत असताना काम करता येतं हे मी त्या दिवसांत शिकले. डोकं एकीकडे आणि हात एकीकडे. चिठ्ठी वाचायची, गोळ्या काढायच्या, पैसे घ्यायचे आणि मध्येच मोबाइल उलटा करून बघायचा. लोकांचे फोन वाजले तरी माझा हात आपल्या मोबाइलकडे जायचा. घरी आलं की मुलगी विचारायची, “बाबांचा फोन?” मी म्हणायचे, “आत खेड्यात गेलेत, रेंज नाही.” ती मान हलवून पुस्तकात डोकं घालायची. तिला खोटं सांगताना मला वाटायचं, आपण आत्तापासूनच सवय करतोय. कशाची सवय, ते मी स्वतःशीसुद्धा पुरतं म्हणत नव्हते.

मी शेठना भेटायला कारखान्यात गेले. ते उठून उभे राहिले, त्यावरूनच मला कळलं की त्यांच्याकडे चांगली बातमी नाही.

“वहिनी, सारखा फोन लावतोय. आपल्या दूतावासात नाव दिलंय. त्यांनी सांगितलंय, वाट बघा, घराबाहेर पडू नका असं कळवा. पण कळवणार कसं?”

“आणि ती कंपनी?”

शेठ खिडकीकडे बघत म्हणाले, “त्यांची माणसं गेली. राजदूताबरोबर जे विमान गेलं, त्यातूनच गेली म्हणतात. गोदामाला कुलूप आहे.”

“म्हणजे ह्यांच्याजवळ ओळखपत्र आहे ते…”

“ते कुणाचंच राहिलं नाही,” शेठ म्हणाले. मग त्यांना वाटलं असावं की बोलायला नको होतं, कारण त्यांनी लगेच चहा मागवला.

घरी येताना मी मांडवीच्या किनाऱ्यावरच्या रस्त्याने चालत आले. संध्याकाळची माणसं भेळ खात उभी होती, मुलं वाळूत पळत होती. मला त्यांचा राग आला. मग वाटलं, त्या गावातही आत्ता बाजार भरला असेल, कुणीतरी खात उभं असेल, आणि त्यांच्यातच कुठेतरी हे असतील किंवा नसतील.

मावशीला फोन करावा हे मला फार उशिरा सुचलं. ह्यांनी मागच्या वर्षी एक फोटो पाठवला होता, खाणावळीपुढे मावशीबरोबर उभे राहून काढलेला. मागच्या भिंतीवर रंगाने नंबर लिहिलेला होता. मी फोटो मोठा करून करून आकडे उतरवून घेतले. रविवार होता, दुपारची वेळ. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. मी पडवीत मामंजींच्या शेजारी बसून त्या नंबरवर साधा फोन लावला.

वेगळ्याच सुरात घंटा वाजत राहिली. मग बाईचा आवाज आला.

मी ह्यांचं नाव घेतलं. पलीकडे एकदम शांत झालं. मी पुन्हा नाव घेतलं, “इंडिया, इंडिया” म्हटलं, आणि “वाइफ” म्हटलं. तेव्हा ती बोलायला लागली. भराभर, पण दबक्या आवाजात, तोंड फोनला लावून बोलावं तसं. मी स्पीकर चालू केला. मला एक अक्षर कळत नव्हतं. मामंजी वाकून कान देत होते. बोलता बोलता तिने फोन ठेवला. मी लगेच परत लावला, तर बंद. पुन्हा लावला, बंद.

मी मामंजींकडे बघितलं तर त्यांचा चेहरा उतरला होता.

“काय म्हणाली? तुम्हाला काही कळलं?”

“मला फ्रेंच कुठे येतं?”

“मग असं का बघताय?”

मी त्यांचा हात धरून हलवला तेव्हा ते म्हणाले, “प्रिझांव म्हणाली. दोनदा म्हणाली.”

“म्हणजे काय?”

“तुरुंग.”

मामंजी पोरवयात गोव्याला खनिज वाहणाऱ्या बार्जवर कामाला होते एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काम संपलं म्हणून परत आलो, असं ते सांगायचे. त्या दुपारी त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. घरात त्या आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या सासूबाईंनाही नाही.

गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि आपलं सरकार त्यांच्याशी बोलत नव्हतं. वकिलाती बंद, सीमा बंद. मामंजींना अजून मिसरूड फुटलं नव्हतं. चुलत्याबरोबर चोरवाटेने गेलेले, जवळ कागद नाही. एके दिवशी धक्क्यावरून पोलिसांनी त्यांना उचललं. रत्नागिरीचा पोरगा म्हणजे हिंदुस्थानचा हेर, असा त्यांचा हिशेब.

“ते विचारीत होते ते मला कळत नव्हतं, मी सांगत होतो ते त्यांना कळत नव्हतं,” मामंजी म्हणाले. “दोन-चार शब्द तेवढे शिकलो. ऊठ, बस, गप्प. आणि हा एक, प्रिझांव. फ्रेंचांचाही तसाच दिसतोय.”

“काय केलं त्यांनी?”

“जाऊ दे.”

“मग सुटलात कसे?”

“कंटाळलानी. सीमेवर आणून ढकलून दिलानी.” मग म्हणाले, “मार लागला त्याचं काही नाही गो. आपल्या बाजूने विचारणारं तिथे कुणी नव्हतंच. मेलो असतो तरी कुणी कुणाला पत्र घातलं नसतं.”

मला धीर द्यायचं त्यांच्या मनात असेल तर ते त्यांना जमलं नाही. आम्ही दोघं तशीच बसून राहिलो. मुलगी आली तेव्हा मी उठून तिला पोहे करून दिले. मामंजी जेवले नाहीत. मीही जेवले नाही. माझ्या डोळ्यांपुढे एक खोली येत होती, खिडकी नसलेली, आणि त्यात हे ‘जेवण छान झालं’ आणि ‘बी ओली आहे’ एवढेच शब्द घेऊन बसलेले.

दुसऱ्या दिवशी दुकानात सिस्टर आल्या. जवळच्या मिशनरी शाळेत त्या शिकवायच्या, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला नेहमी यायच्या. वयस्कर, सावळ्या, मराठी सावकाश जुळवून बोलणाऱ्या. त्या मूळच्या पाँडिचेरीच्या आहेत हे मला माहीत होतं, पण त्याचा इथे काही उपयोग होईल हे त्या क्षणापर्यंत डोक्यात आलं नव्हतं. गोळ्यांची पट्टी हातात धरून मी तशीच उभी राहिले.

“सिस्टर, पाँडिचेरीला फ्रेंच बोलतात ना?”

“जुने लोक बोलतात. माझी आई बोलायची. मी शाळेत शिकले.”

माझ्या मोबाइलमध्ये फोन आपोआप रेकॉर्ड होतात. सिस्टरना मी दुकानाच्या मागे, औषधांचे खोके ठेवतो तिथे नेलं. काय झालं ते सांगताना मला नीट वाक्यं बनवता येत नव्हती. त्यांनी मोबाइल कानाला लावला आणि डोळे मिटून घेतले. एकदा ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं आणि मला वाटत होतं, वाईट असल्याशिवाय माणूस दुसऱ्यांदा ऐकत नाही.

“ही बाई सांगते,” सिस्टर म्हणाल्या, “तो तुरुंगात नाही. हे ती दोन वेळा सांगते. तुरुंगात नाही.”

मी खोक्यावर बसले.

“माझ्या घरी आहे, म्हणते. मागच्या खोलीत. बाहेर जात नाही. त्याचे कागद पोलिसांकडे आहेत. माझा मुलगा दारात बसतो, म्हणते.” सिस्टरनी मोबाइल माझ्या हातात दिला. “आणि सांगते, पुन्हा फोन करू नका. लोक ऐकतात.”

हे आहेत, जेवताहेत, एका घरात आहेत, या आनंदात मी क्षणभर असेन-नसेन. मग शेवटचं वाक्य मनात उतरलं. लोक ऐकतात. आणि मी त्यानंतर तिचा नंबर पुन्हा पुन्हा लावला होता, रात्रीसुद्धा, सकाळी दुकानात येतानासुद्धा. परदेशातून एका खाणावळीला इतके फोन का येतात, असं कुणी विचारलं असलं तर? तुरुंगाच्या भीतीत निदान माझा हात नव्हता. ही नवी भीती माझ्या हातांनी घडवलेली होती, आणि ती जास्त वाईट होती.

घरी जाऊन मी मामंजींना सांगितलं, “ती ‘नाही’ म्हणाली होती. तुरुंगात नाही म्हणाली.”

“पोर्तुगीज ‘नांव’ म्हणतात नाहीला. ती तसं म्हणाली नाही,” एवढंच ते पुटपुटले. मग उठून देवापुढे गेले.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. मी मोबाइलला हात लावायला घाबरायचे. सिस्टर काही ना काही निमित्त काढून दुकानात यायच्या, कधी खोकल्याचं औषध, कधी नुसता कापूस. मला विचारायच्या नाहीत, माझ्याकडे बघून ओळखायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, पाँडिचेरीहून फ्रेंच गेले तेव्हा तिथेही असंच झालं होतं का. म्हणाल्या, “आमच्याकडे कागदावर सह्या झाल्या, झेंडा बदलला. माझे दोन काका त्यांच्याबरोबर फ्रान्सला गेले. आजीला कितीतरी वर्षं त्यांच्या कचेरीतून पेन्शन यायची.” आणि जरा वेळाने, “सगळ्यांचं नशीब तसं नसतं.”

मुलीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी तिला मी सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “मला माहीत होतं. तू फोन मोरीतसुद्धा घेऊन जात होतीस.”

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी घ्यायला घाबरत होते, मुलीने घेतला आणि माझ्या कानाला लावला.

“मी बाहेर पडलो,” हे म्हणाले.

ते शेजारच्या, समुद्र असलेल्या देशातल्या बंदरावरून बोलत होते. ज्या शेतकऱ्यांकडून हे इतकी वर्षं बी घ्यायचे, त्यांचा प्रमुख दोन-तीन जणांना घेऊन पोलिसांकडे गेला होता. हा माणूस फ्रेंचांचा नाही, आमच्या पोत्यांत हात घालणारा आहे, असं त्याने सांगितलं म्हणे. पासपोर्ट मिळाला. मावशीच्या मुलाने ह्यांना मोटरसायकलवरून सीमेपर्यंत आणून सोडलं. पुढे ट्रकने. पॅरिसला न जाणाऱ्या विमानाचं तिकीट शेठनी काढलं.

मी रत्नागिरी स्टेशनवर गेले होते. हे गाडीतून उतरले ते हातात एक पिशवी घेऊन, बाकी सामान तिकडेच राहिलं होतं. माझ्याकडे बघून हसले आणि लगेच मागे वळून बघितलं. रिक्षात बसेपर्यंत तीन-चार वेळा तसं बघितलं. घरी आल्यावर ते मामंजींच्या पाया पडायला वाकले, तर मामंजींनी त्यांना उठूच दिलं नाही. सगळ्यांसमोर त्यांचा शर्ट वर केला आणि पाठीवरून हात फिरवून बघितला, वरपासून खालपर्यंत, कुठे काही वळ आहे का ते. “मारलं नाही हो मला,” हे म्हणत होते. मामंजींनी पुन्हा एकदा बघितलं आणि मग शर्ट खाली केला.

हे परत आफ्रिकेला गेले नाहीत. कारखान्यात आता माल निवडायच्या विभागात असतात. त्या देशात फ्रान्सचा राजदूत मी हे लिहितेय तोपर्यंत तरी परत गेल्याचं मी वाचलेलं नाही. मावशीला फोन करायचं धाडस मला अजून झालेलं नाही, ह्यांनाही नाही. तिच्या नंबरापाशी बोट जातं आणि ‘लोक ऐकतात’ आठवतं. शेतकऱ्यांकडून शेठना निरोप येतो की ती बरी आहे, त्यावर आम्ही राहतो.

तिथे काय झालं ते ह्यांनी फार सांगितलं नाही. गणपतीत विसर्जनाची मिरवणूक घरासमोरून गेली तेव्हा हे मागच्या खोलीत जाऊन बसले. मी जाऊन बघितलं तर भिंतीला पाठ लावून बसले होते. मी शेजारी बसले. ढोल लांब जाईपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

दिवाळीनंतर मी सिस्टरना जेवायला बोलावलं. ह्यांची नि त्यांची ती पहिलीच भेट. मी भात वाढत होते. हे जरा वेळ घुटमळले आणि म्हणाले, “सिस्टर, एक विचारू? एका फ्रेंच वाक्याचा अर्थ हवाय.”

“विचारा.”

ते सांगायला लागले. ते मावशीच्या घरात असताना एकदा मोर्चा त्या गल्लीत आला. माणसं घराघरात डोकावत होती. लपलेला माणूस सापडला तर जास्त वाईट, म्हणून मावशीच्या मुलाने ह्यांना हाताला धरून बाहेर काढलं, दारात आपल्याशेजारी उभं केलं आणि हातवारे करून सांगितलं, ओरड, सगळे ओरडतात तसं ओरड. हे ओरडले. माणसं बघून हसली, कुणी पाठीवर थाप मारली आणि मोर्चा पुढे गेला.

“काय ओरडत होते?” सिस्टरनी विचारलं.

ह्यांनी ते हळू आवाजात म्हणून दाखवलं. “आ बा ला फ्रांस.”

“फ्रान्सचा धिक्कार असो,” सिस्टर म्हणाल्या. “भिंतीवर लिहितात ना, तसं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

ह्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“मला वाटलं होतं, मारा म्हणताहेत,” ते म्हणाले. “कुणाला तरी धरलं असेल नि मारा म्हणत असतील. आणि मी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतो.”

मामंजींनी मान खाली घातली होती. मी हातातलं भाताचं भांडं घेऊन तशीच उभी राहिले.